नवीन सॉफ्टवेअर आणि तांडेलाचं गाऱ्हाणं

माझ्या स्टुडिओला स्टुडिओ म्हणायला माझीच जीभ थोडी अडखळायची. मालवणच्या बाजारात एका शिंप्याच्या दुकानावरची ती खोली. भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या, खिडकीला दुहेरी काच, आणि एवढं करूनही खालच्या शिलाई मशीनचा आवाज वर यायचा तो यायचाच. रेकॉर्डिंग सुरू करताना मी जमिनीवर पाय आपटायचो, की शिंपी मशीन थांबवायचा. काम झालं की पुन्हा आपटायचो. भजनी बुवा यायचे, दशावतारी मंडळी यायची, पण पोट चालायचं ते रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिरातींवर. जत्रा, कापडाचा सेल, आंब्याची कलमं, निवडणूक. निवडणुकीत तर सगळ्या उमेदवारांचे घसे एकटा मीच होतो. सकाळी ज्याला विजयी करा म्हणून ओरडायचो, त्याच्याविरुद्ध दुपारी ओरडायचो.

कॉम्प्युटर एकोणीसशे नव्व्याण्णव सालचा आणि आवाज कापण्या-जोडण्याचं सॉफ्टवेअरही तेव्हाचंच. करड्या रंगाची खिडकी, तिच्यात आवाजाची हिरवी रेघ. कापा, जोडा, आवाज चढवा, उतरवा, संपलं. चूक झाली तर एकदाच मागे घेता यायची, दुसऱ्यांदा नाही. त्यामुळे कात्री चालवण्याआधी नीट ऐकायची सवय लागली होती, आणि मला त्या सवयीचा अभिमान होता. थोडा जास्तच होता, असं बायकोचं मत.

दोन हजार सहाच्या सुमारास जो तो मला सुधरवायला निघाला. कणकवलीचा कॉम्प्युटरवाला महिन्यातून एकदा मालवणात यायचा, तो माझ्या खुर्चीत बसून माझ्याच कॉम्प्युटरकडे कीव आल्यासारखा बघायचा. नवीन सॉफ्टवेअर घ्या, म्हणायचा. वाऱ्याचा आवाज, पंख्याचा आवाज, खालचं ते शिलाई मशीन, सगळं एका बटणात गायब.

"आणि माझ्या जुन्या फायली?" मी विचारलं.

"त्या नव्यात उघडणार नाहीत. पण जुन्या फायली लागतात कोणाला, साहेब?"

माझं डोकं फिरलं. त्या फायलींत निम्मा तालुका होता. कोण कुठल्या ओळीला खोकला तेसुद्धा मला पाठ होतं. मी त्याला चहा न पाजता वाटेला लावला. मालवणात याहून मोठा अपमान करता येत नाही.

बायको मात्र त्याच्याच बाजूची. जाहिरातीतला बाईचा आवाज तिचाच असायचा, आणि माझ्या कॉम्प्युटरमधून तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो ही तिची जुनी तक्रार. "तुमी आणि तुमचो कॉम्प्युटर," ती म्हणाली, "दोघांकय सकाळी चालू होवक चाय व्हयी." शेवटी तिनेच कॉम्प्युटरवाल्याला निरोप धाडला. तो आला आणि माझ्या टेबलाशेजारी दुसरं टेबल लावून नवा कॉम्प्युटर ठेवून गेला. सॉफ्टवेअर महिनाभर फुकट वापरून बघा, आवडलं तर घ्या, नाहीतर मी उचलून नेतो, असा सौदा. मीही हो म्हटलं, पण नकारच द्यायचा हे ठरवून मुलगी बघायला जावं तसा.

त्याच महिन्यात काकी जिना चढून आली.

काकी म्हणजे बाजारातली मासे विकणारी. तिचा आवाज माझ्या दुहेरी काचेला कधीच जुमानायचा नाही. तिचा नवरा दांडीच्या किनाऱ्यावरच्या रापणीचा तांडेल. रापण म्हणजे किनाऱ्यावरून समुद्रात सोडायचं भलंमोठं जाळं. दोन्ही दोऱ्यांना माणसं लागतात, वाडीच्या वाडी ओढायला उतरते, आणि तांडेल सांगेल तसं ओढते. असा हुकूम सोडणारा माणूस पावसाळ्यात अर्धांगाच्या झटक्याने घरी बसला होता. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजत होतं सगळं, शब्द तेवढा फुटत नव्हता.

"झिला, माज्या घोवाचा गाऱ्हाणा तुज्याकडे आसा मां?" तिने दारातूनच विचारलं. "तां माका दी. डॉक्टर म्हणता, जन्मभर जा बोललो तां तेका ऐकव, कदाचित तोंडात येयत. पण तो आयकणाच नाय कोणाचा. भिंतीकडे तोंड करून बसता रे. माज्याकडेव बघणा नाय."

हे सांगताना तिचा आवाज बाजारातला नव्हता. मी तिला असं हळू बोलताना प्रथमच ऐकत होतो आणि मला ते सहन झालं नाही. उद्याच देतो म्हटलं.

गाऱ्हाणं होतंच माझ्याकडे. काही वर्षांपूर्वी, नारळी पौर्णिमेनंतर रापण पहिल्यांदा पाण्यात सोडताना, मी मायक्रोफोन घेऊन किनाऱ्यावर गेलो होतो. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जण उभा राहून देवाशी बोलतो, अगदी शेजाऱ्याशी बोलावं तसं, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. व्हय म्हणजे होय. नुसत्या एकट्याने बोललेलं गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, अशी समजूत. त्यामुळे वाटेने जाणारासुद्धा थांबतो, व्हय म्हाराजा म्हणतो आणि मग पुढे जातो. त्या दिवशी मायक्रोफोन तांडेलापुढे होता, माणसं मागे दोऱ्या धरून उभी होती, आणि वारा नुसता सुटला होता.

जुन्या सॉफ्टवेअरने त्या वाऱ्यापुढे आणि लाटांपुढे तेव्हाच हात टेकले होते. म्हणून मी तो आवाज साध्या फाईलमध्ये काढून नव्या कॉम्प्युटरवर नेला आणि ते प्रसिद्ध बटण दाबलं. खरं सांगतो, मी थक्क झालो. लाटा गेल्या, वारा गेला, आणि तांडेल माझ्या खोलीत येऊन उभा राहिला.

"बा दर्याच्या देवा म्हाराजा, आज तुजी लेकरां रापण घेवन तुज्या दारात उबी रवली हत..."

मी बायकोला हाक मारली. ती आली, आम्ही दोघांनी सगळं गाऱ्हाणं शेवटपर्यंत ऐकलं, तिने डोळे पुसले आणि मी मुकाट्याने हार मानली. नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं. सीडी भरून काकीला नेऊन दिली, वर थोडी बढाईही मारली, की आवाज कसा काचेसारखा केलाय बघ.

दोन दिवसांनी काकी पुन्हा जिना चढून आली. या खेपेला मात्र आवाज बाजारातला.

"ह्या काय दिलंस माका? माजो घोव गाऱ्हाणा घालता आणि एकव मेलो व्हय म्हणना नाय! वाळीत टाकल्यानी काय तेका?"

"असा कसा होयत, काकी? बस जरा. माका बघूंदे."

मी सीडी लावली. तांडेलाचं पहिलं वाक्य झालं. आणि माझंच तोंड आपोआप म्हणालं, "व्हय म्हाराजा." दुसरं वाक्य झालं, पुन्हा मीच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वाक्यांच्या मध्ये काहीच नव्हतं. दूर उभ्या असलेल्या माणसांचा आवाज बारीक होता, आणि त्या बटणाने वाऱ्याबरोबर, लाटांबरोबर सगळी वाडी पुसून टाकली होती. आणि मला कळलंही नव्हतं, कारण लहानपणापासून ज्या जागी व्हय म्हाराजा म्हणत आलो, त्या जागा मी आणि बायकोने मनातल्या मनात भरून काढल्या होत्या. परक्या मुलखातल्या माणसाला ही शांतता पहिल्या वाक्यालाच ऐकू आली असती. आम्हालाच आली नाही.

मी काकीसमोर चोरासारखा उभा राहिलो. राग मात्र सगळा नव्या कॉम्प्युटरवर काढला, कारण तो उलट बोलत नव्हता. संध्याकाळपर्यंत जुन्यातून दुसरी सीडी करून आणतो म्हटलं. जुन्या सॉफ्टवेअरला कोण मोठा, कोण मागचा, काहीच समजत नसे. त्यामुळे त्याने सगळ्यांना ठेवलं होतं, वाऱ्यासकट.

ती सीडी आणि माझा लहान प्लेअर घेऊन मी दांडीवर गेलो. काकीच्या अंगणात मासे वाळत घातले होते. तांडेल आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी आल्याचं कळलं असेल, पण मान वळली नाही. एके काळी नुसत्या मानेने रापण थांबवणारा माणूस तो.

मी नवी सीडी काढत होतो तर काकीने हात धरला. "आदी तीच लाय, काल लायलंय ती. कसो कासावीस होता तो, तुज्या डोळ्यांनी बघ."

तिला मला शिक्षा द्यायची होती, आणि ती घेणं मला भागच होतं. मी वाडी पुसलेली सीडी लावली.

"बा दर्याच्या देवा म्हाराजा..."

वाक्य संपलं. पुढे शांतता. तांडेलाची मान वळली. त्याने दाराकडे पाहिलं, जणू माणसं बाहेर उभी आहेत आणि मुद्दाम गप्प आहेत. दुसरं वाक्य झालं आणि त्याचा डावा हात खाटेच्या कडेवर आपटायला लागला. गळ्याच्या शिरा ताठल्या. काकी रडवेली झाली. "बंद कर रे! बंद कर तां!" म्हणत ती प्लेअरकडे धावली.

"रव, काकी," मी म्हटलं आणि तिला अडवलं. "रव जरा."

कारण मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. हा काही त्रास नव्हता. गाऱ्हाणं घातलं जात होतं आणि त्याला कोणी हुंकार देत नव्हतं, हे त्या माणसाला सोसत नव्हतं. गाऱ्हाणं आपलं स्वतःचंच आहे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. कोणीतरी व्हय म्हणायला हवं होतं, आणि खोलीत आम्ही दोघं तोंड मिटून उभे होतो.

"...लेकरांच्या पायाक काटो लागूक देव नको रे म्हाराजा."

शांतता. मग खाटेवरून, वाकडातिकडा, घशात अडकत अडकत आवाज आला.

"व्ह... व्हय... म्हाराजा."

काकी खाली बसली. पुढच्या वाक्याला तो पुन्हा म्हणाला. त्याच्या पुढच्याला थोडं स्पष्ट. शेवटच्या वाक्याला आम्ही तिघांनी मिळून म्हटलं आणि मी सरळ रडलो, लाज न बाळगता.

आता खरी पंचाईत माझी झाली. त्याच दिवशी मी तो नवा कॉम्प्युटर परत धाडायचं पक्कं करून निघालो होतो. पण ज्या चुकीसाठी त्याला शिव्या घातल्या, तिनेच तांडेलाला बोलतं केलं होतं. बरं, नव्याचं कौतुक करावं तर त्याने हे काही मुद्दाम केलं नव्हतं. काकीने माझा निवाडा करून टाकला. तिने दोन्ही सीड्या ठेवून घेतल्या. "सकाळी ही लायतंय, कोणी व्हय म्हणना नाय ती. तेका काम आसा मगे. आणि सांजेक ती दुसरी. सांजेक तेका माणसां व्हयी."

महिना संपला तेव्हा कॉम्प्युटरवाला नवा कॉम्प्युटर उचलून न्यायच्या तयारीनेच आला होता. मी त्याला चहा पाजला आणि सॉफ्टवेअर घेतलं. जुना कॉम्प्युटर हलवायचा नाही, हेही सांगितलं. दोन टेबलं झाली, मला बसायला जागा राहिली नाही आणि बायको हसून हसून बेजार झाली. तरी माझं मन शांत होतं. नव्या सॉफ्टवेअरला काय टाकायचं हे कळतं, पण काय टाकायचं नाही हे कळत नाही, ते मला बघावं लागेल, एवढं मी शिकलो होतो.

तांडेलाच्या तोंडी पुढे बरेच दिवस तेवढे दोनच शब्द राहिले. चहा देऊ का विचारलं, की व्हय म्हाराजा. पाय दुखतो का, व्हय म्हाराजा. रापणीची माणसं भेटायला येऊ लागली, त्यांनाही व्हय म्हाराजा. भिंतीकडे तोंड करून बसणं सुटलं. काकी बाजारातून जाता जाता वर येऊन मला बातम्या द्यायची. "अख्खो जन्म माज्या शब्दाक आडवो इलो हो माणूस," ती म्हणायची. "मी पूर्व म्हटलंय तर हो पश्चिम. आता कायव इचार, व्हय म्हाराजा!" हसायची, पण तिचं हसू पुरतं नसायचं. तिला तिचा नवरा हवा होता, आणि तिच्या नवऱ्याने कधी तिच्या कशालाच हो म्हटलं नव्हतं.

मग एके दुपारी खाली मशीन बंद, वर मी एका बुवाचं भजन रेकॉर्ड करतोय, आणि काकी दार ढकलून आत आली. डोक्यावरची माशांची पाटीसुद्धा खाली उतरवलेली नव्हती. बुवा गायचे थांबले.

"आज तेणा 'नाय' म्हटल्यान!"

"कशाक, काकी?"

"माज्या कढीक! मीठ बरोबर आसा मां म्हणान इचारलंय. माज्याकडे बघल्यान आणि म्हटल्यान, 'नाय.'"

"आणि होता काय मीठ बरोबर?"

"एकदम बरोबर होता!" ती ओरडली. "तेका काय कळता कढीतला!" आणि तशीच, डोक्यावरच्या पाटीला एक हात लावून, दुसऱ्या हाताने पदर तोंडाला धरून ती रडायला लागली.