धन्याचं नाव

आमच्या शेजारची थळची कोळीण विश्वासी झाली, म्हणजे येशूला मानू लागली. रविवारी मासळी विकत नाही, डोक्यावर पदर घेऊन प्रार्थनेला जाते. कपाळाला कुंकू नाही. मला ते पटत नाही आणि तसं मी तिला तोंडावर सांगतो. "व्हय काका," म्हणते आणि दोन बोंबील जास्तीचे टाकते.

प्रार्थनेतली शिकवण, बाईनं नवऱ्याच्या शब्दात राहावं. ती राहते. फक्त होडी कधी दुरुस्त करायची आणि मुलगी कुठं द्यायची, हे तीच ठरवते. नवऱ्याचं नाव मात्र कधी घेतलं नाही. "आमचे धनी," एवढंच.

परवा वारं उठलं आणि धन्याची होडी दुपारपर्यंत परतली नाही. प्रार्थनेच्या बायका तिच्या ओट्यावर जमल्या. एक म्हणाली, "धन्याचं नाव घेऊन देवाकडं माग." तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मग उभी राहिली आणि त्याचं नाव मोठ्यानं घेतलं. कुंपणाअलीकडं माझ्या अंगावर काटा आला.

संध्याकाळी होडी किनाऱ्याला लागली. तिची हाक आली, "अवो, जेवायला चला."

मी घरात जाऊन बायकोला म्हटलं, "माझं नाव घे बघू एकदा."

"का? तुम्ही कुठं बुडताय?"