वीतभर आखूड वायर

माझ्या हाताला घाई फार. तोंडालाही आहेच, पण तोंडाची घाई माफी मागून निस्तरता येते. हाताची घाई निस्तरायला मला एक अख्खा रविवार लागला, आणि तोही नेमका ज्या घरची मुलगी मी मागितली होती त्या घरात!

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात मी वायरमन होतो. सोलापूरकडून आलेला, खोली घेऊन राहणारा आणि स्वतःला भलताच हुशार समजणारा. तिथल्या सुतारखात्याचे मिस्त्री चिंचवड गावातले. एकदा ते डबा विसरले आणि त्यांची मुलगी तो घेऊन गेटवर आली. पहारेकऱ्यानं "कुणाची गं तू?" म्हणून दरडावलं, तर ती म्हणाली, "आदी नीट हुबं ऱ्हावा, मंग सांगते." झालं! मी तिथंच खलास. मामामार्फत मागणी घातली. मिस्त्री हो म्हणेनात, नाही म्हणेनात. असा महिना गेला आणि माझी झोप उडाली.

मग एक दिवस मिस्त्री म्हणाले, "रविवारी घरी या. मेन स्विचची फळी वाळवीनं खाल्लीया. नवी केलीय मी, तेवढी बसवून द्या." मागणीबद्दल चकार शब्द नाही. पण मी काय दुधखुळा होतो? लोक मुलगी पाहायला जातात. इथं मुलाला पाहायला बोलावलं होतं, तेही स्टुलावर चढवून.

गेलो. वीजवाल्यांचा माणूस सकाळीच पुरवठा बंद करून गेला होता. चार वाजता तो येणार, काम तपासणार आणि मगच वीज सोडणार. मिस्त्रींची फळी पाहून मी गार झालो. सागवानी, आणि पॉलिश असं की समोर उभं राहून भांग पाडावा. ते म्हणाले, "वीतभर खाली लावायची. आमच्या मंडळींचा हात पोचत न्हाई, दर वेळी स्टूल घ्यावं लागतं."

"त्यात काय!" मी म्हणालो. जुन्या फळीवरचे स्क्रू गंजलेले. ते सोडवत बसणार कोण? मुलगी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती ना! भिंतीवरच्या पोकळ लाकडी पट्टीतून वायरी जिथं बाहेर येतात तिथंच पकडीनं कचाकच छाटल्या आणि जुनी फळी ऐटीत खाली उतरवली.

फळी उलटी केली आणि बघतो तर काय! मागच्या पोकळीत चारही वायरींची वेटोळी होती. कुणा जुन्या वायरमननं पुढे कधी फळी हलवली तर कामाला यावी म्हणून चांगली दीड वीत वायर राखून ठेवली होती. मी ती शिल्लकच तोडून टाकली होती. मिस्त्रींनी नवी फळी ठोकली आणि वायरी वरच लोंबत राहिल्या, वीतभर आखूड.

आता खोटं कशाला बोलू? पहिला विचार आला तो लबाडीचाच. तुकडे पिळून जोडायचे, चिकटपट्टी गुंडाळायची, लाकडी पट्टीच्या खाचेत कोंबायचे आणि वरून झाकण ठोकायचं. मिस्त्री कामाला लागले होते, कुणाला कळणार? मी तुकडा हातात घेतलासुद्धा. तेवढ्यात झाकणाची पट्टी माझ्याकडे देत मुलगी हळूच म्हणाली, "ह्ये आत गेलं की पुन्ना कुणाला दिसायचं न्हाई, व्हय ना?"

राग आला मला. तिचा नाही, माझाच. असला कोंबलेला जोड ढिला होतो, तापतो आणि एक दिवस पेटतो. हिच्याच डोक्यावर मी उद्या आग लावून ठेवणार होतो! स्टुलावरून उतरलो आणि म्हणालो, "मिस्त्री, चूक झाली. बघितल्याशिवाय वायरी तोडल्या, आता आखूड पडतायत. चिनीमातीच्या कनेक्टरनं जोडून देतो. पण तो जोड लपवता येणार नाही. कधीही उघडून बघता यावा अशा डबीत तो ठेवायला लागेल. तुमच्या फळीच्या डोक्यावर टेंगूळ दिसेल."

मिस्त्रींनी एकदा फळीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं, संपलं सगळं, उचला पिशवी. ते आत गेले आणि सागाचा तुकडा, करवत घेऊन आले. "माप सांगा," एवढंच म्हणाले.

दुपारभर ते डबी करत होते आणि मी जोडत होतो. प्रत्येक स्क्रू आवळून वायर ओढून पाहत होतो. मुलीनं दोनदा चहा आणून ठेवला, दुसऱ्या वेळी साखर जरा जास्तच होती.

चार वाजता वीजवाला आला. त्यानं डबीचं झाकण उघडलं, एकेक वायर ओढून पाहिली आणि पुरवठा सोडला. बटण दाबलं, दिवा लागला.

"काम चोख आहे," तो झाकण लावत म्हणाला. "कुणी केलं?"

मिस्त्री लाकडाचा भुसा झाडत होते. मानही वर न करता म्हणाले, "आमच्या जावयानं."

माझ्या हातातली पकड खाली पडली. आत स्वयंपाकघरात एक भांडंही पडलं.