आईनं निवडलेले माठ

माझा भाऊ समुद्रावर गेला असं सांगितलं की लोक विचारतात, नेव्हीत होता का? नव्हता. नागपूरचा एक निवृत्त मास्तर बांबूच्या तराफ्यावर बसून बंगालचा उपसागर ओलांडायला निघाला होता. हे ऐकून समोरचा हसतो आणि मी त्याला हसू देते. दादाचा बेत पहिल्यांदा ऐकला तेव्हा मीही पोट धरून हसले होते.

दादा शाळेत भूगोल शिकवायचा. निवृत्तीनंतर इतर मास्तर सकाळी फिरायला जातात, नातवंडं सांभाळतात. ह्याला ना बायको ना पोरं, म्हणून ह्यानं सिद्धांत सांभाळला. सिद्धांत असा, की फार पूर्वी वैनगंगेच्या खोऱ्यातली माणसं बांबूच्या तराफ्यांवरून नदीनं खाली समुद्रापर्यंत गेली आणि तिथून वाऱ्याबरोबर पलीकडच्या बेटांना लागली. पुरावा काय, तर एक गाठ. आमच्या आजोळी, नरखेडकडे, संत्र्यांनी लदलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू देतात आणि ते अंबाडीच्या दोरीनं एका ठरावीक पद्धतीनं बांधतात. तशीच गाठ त्याला बेटांवरच्या तराफ्यांच्या एका फोटोत दिसली. मी म्हटलं, दोन बांबू आणि एक दोरी हातात दिली तर कोणीही अशीच गाठ मारेल. त्यावर त्यानं मला अडाणी ठरवलं, भिंतीवरच्या नकाशापुढे उभं केलं आणि बोटानं कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असं करत समुद्रापर्यंत नेलं. कामठीच्या पुलावरून टाकलेला नारळ समुद्राला मिळतो, असं तो म्हणायचा. नारळाला प्यायला पाणी लागत नाही, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही.

त्याच्या वेडात सामील झाला तो त्याचा कामठीचा मित्र. हा विणकर, दादापेक्षा बराच लहान. पॉवरलूमच्या खडखडाटात उभं आयुष्य गेलेलं, पण दादासाठी त्यानं बापाचा धूळ खात पडलेला हातमाग दुरुस्त केला आणि शिडाचं जाड सुती कापड विणलं. नियम असा होता, की जुन्या माणसाकडे जे नव्हतं ते तराफ्यावर न्यायचं नाही. खिळा नको, प्लास्टिक नको, पत्रा नको. परवानगी देणाऱ्या साहेबांनी मात्र पाण्याचे काही प्लास्टिकचे कॅन आणि मदतीला बोलवायचं बटणाचं एक यंत्र गळ्यात बांधलंच. दादानं कॅन अपशकुनासारखे मागच्या टोकाला ठेवले आणि यंत्र मित्राकडे देऊन टाकलं.

बाकीचं सगळं पाणी मातीच्या माठांत जायचं होतं, आणि माठ म्हटल्यावर विषय आईचा झाला.

आई माझ्याकडे नागपुरातच, बेसाला राहते, फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर. घरात फ्रिज आहे, पण त्यातलं पाणी घशाखाली उतरतच नाही म्हणते. तिचे माठ माहेरच्या कुंभाराकडून येतात. तो मातीत रेती जरा सढळ हातानं घालतो. आई नवा माठ भरून सावलीत ठेवते आणि खुर्ची घेऊन समोर बसते. माठाच्या पोटाला ओल फुटली, तळहात लावला की ओला झाला, म्हणजे माठ पास. कोरडा राहिला तर त्याची रवानगी झाडांच्या कुंड्यांकडे. नागपूरच्या मे महिन्यात जो माठ घाम गाळत नाही तो माठच नव्हे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. दादासाठी तिनं असेच माठ एकेक करून निवडले. सगळ्यांत जास्त पाझरणारे ते पहिल्या रांगेत.

तराफ्याची परीक्षा कन्हानला झाली. बांबूंच्या मधल्या खोबणीत माठ अर्धे पाण्यात बुडवून बांधले, म्हणजे गार राहतील आणि हलणार नाहीत. ही युक्ती दादाची. चांगले आठ-पंधरा दिवस तराफा नदीत राहिला. मग आईला ऑटोनं कामठीला नेलं आणि एका माठातलं पाणी काढून दिलं. आईनं ते डोळे मिटून पिऊन टाकलं आणि म्हणाली, "असं गार पाणी तर घरीही नाही होत गा." दादा लहान पोरासारखा फुलला. नंतर तो तराफा सुटा करून ट्रकवर चढवला, कारण खाली नदीवर धरण आहे. प्राचीन माणूस ट्रकनं निघाला म्हणून मी चिडवलं, तर म्हणाला, तू समुद्रावर पोचलेला बघ आणि मग बोल.

मी पोचलेला बघितला नाही. किनाऱ्यावरून निघतानाचा व्हिडिओ कॉल तेवढा झाला. आई फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन सांगत होती, उन्हात बसू नको, डोक्याला पंचा बांध, खिशात कांदा ठेव. तो हो हो म्हणत होता. मग आवाज तुटला.

मित्र परत आला, दादा आला नाही. तो आला तेव्हा वर यायला तयार होईना. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये वॉचमनच्या खुर्चीवर बसून त्यानं मला सांगितलं. त्याचे ओठ अजून फुटलेले होते. तराफा छान चालला होता, दोरी एका ठिकाणीही सैल पडली नव्हती. एका वादळी दिवशी मागच्या टोकाचे प्लास्टिकचे कॅन लाटेनं नेले, तेव्हा दादा खूश झाला होता. आता परीक्षा खरी, असं म्हणाला होता. मग त्यानं पहिला माठ उघडला. पाणी मचूळ होतं. दुसऱ्यातलं त्याहून. पुढचे तर तोंडात धरवेनात.

माठाला घाम यायची जी वाट, त्याच वाटेनं बाहेरचं पाणी आत येतं. कन्हानमध्येही आलं असणार. पण नदीचंही गोड, माठातलंही गोड, कळणार कोणाला? समुद्रकाठच्या माणसानं असला पाझरता माठ खाऱ्या पाण्यात बांधला नसता. आतून राळ नाहीतर लाख लावली असती. आम्ही पडलो नदीकाठची माणसं. आमच्याकडे पाणी म्हणजे गोडच. खारं पाणी आम्ही डाळीतच काय ते चाखलेलं.

दादाला हे पहिल्या घोटातच समजलं होतं. मित्र म्हणाला, आधी हसला, म्हणाला भूगोलाचा मास्तर आणि परीक्षा घेतली गोड्या पाण्यात.  मदतीचं बटण दाबू दिलं नाही. ढग दिसतात, पाऊस येईल, बेट जवळ आहे, असं करत राहिला, आणि ज्या माठातलं पाणी जरा कमी खारट होतं ते मित्राला देत राहिला. शेवटी त्याला ग्लानी आली तेव्हा मित्रानं बटण दाबलं. मासेमारीची बोट आली. त्या बोटीवरच, किनारा दिसायच्या आत, दादा गेला. बटण दाबायला लावलेल्या उशिराबद्दल मी दादाला माफ केलेलं नाही. मेलेल्या माणसावर रागावून काही उपयोग नसतो हे मलाही समजतं, तरी येतो राग.

शुद्धीत होता तेव्हा त्यानं मित्राकडून एक वचन घेतलं होतं. मित्रानं दादाचेच शब्द सांगितले: "आईले माठाचं सांगू नका."

मी वर गेले आणि आईला सांगितलं की ऊन लागलं, ताप डोक्यात गेला. आईनं एवढंच विचारलं, पाणी होतं ना? मी म्हटलं, होतं. गार होतं? गार होतं. ती मान हलवत राहिली, आणि त्यानंतरच रडली.

तेव्हापासून आई त्या गार पाण्यावर जगते आहे. घरी कोणी आलं की आधी माठातलं पाणी देते आणि मग सांगते, माह्या लेकानं समुद्रावरही हेच पाणी पेलं, शेवटपर्यंत माह्याच हातचं पेलं. लोक डोळे पुसतात. मी तेवढा वेळ स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी आवाज करत भांडी घासते. हे मी वर्षानुवर्षं केलं. कुकर मी इतका लख्ख घासायची की शेजारीण विचारायची, कोणती पावडर वापरता?

यंदा माघात दादाची एक जुनी विद्यार्थिनी आली. आता कॉलेजात शिकवते. सरांचं काम अर्धं राहिलं, ते मी पुरं करणार म्हणाली. तोच बांबू, तीच दोरी, तसंच शीड, आणि आजी, तुमच्याच कुंभाराचे माठ. वस्तू बदलल्या तर तपासणी कच्ची राहील, असं तिचं म्हणणं. आईच्या तोंडावर मी कितीतरी वर्षांनी रंग पाहिला. तिनं त्याच दिवशी कुंभाराला फोन लावला. माठ आले. बाल्कनीत रांगेनं मांडले गेले, आणि आई गुडघे धरत एकेकासमोर बसून तळहात लावू लागली. रात्री जेवायचंही भान नाही. माह्या लेकाचं राहिलेलं होऊन राहिलं, असं मला चार वेळा सांगितलं.

मी त्या मुलीला दुसऱ्याच दिवशी फोन करून सगळं सांगून टाकलं. तिच्या घरीही आई आहे.  ती म्हणाली, मी आतून राळ लावलेले दुसरे माठ करून घेईन, आजींचे माठ घरी नेऊन ठेवीन. पण मावशी, आजींनी मला समोरासमोर विचारलं तर मी खोटं बोलू शकणार नाही, सरांच्या बाबतीत तर नाहीच. मी म्हटलं, ती नाही विचारणार. तू फक्त माठ घेऊन जा.

माठ न्यायला ती आली तेव्हा आईनं तिला कुंकू लावलं. मग खाली बसून पहिल्या रांगेतल्या माठावर हात ठेवून म्हणाली, "हा सगळ्यात चांगला पाझरते. हा तुह्याजवळ ठेवशील, त्याच्यासारखा." आणि मग, "हेच नेशील ना वं?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं.  आई एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत राहिली. माझ्या एका 'हो'नं भागलं असतं. इतकी वर्षं मी तेच करत आले होते, जीभ सरावलेली होती. पण मी सांगितलं. माठात समुद्राचं पाणी शिरलं होतं, त्याला प्यायला पाणीच नव्हतं, तो तहानेनं गेला. उभ्या उभ्या, बाल्कनीच्या दारात, भाजीचा भाव सांगावा तसं मी सांगून मोकळी झाले. मग मलाच रडू फुटलं.

आई रडली नाही. तिनं माठावरचा हात काढून मांडीवर घेतला आणि त्या ओल्या तळहाताकडे पाहत विचारलं, "त्याले माहीत होतं?"

"हो."

"मले सांगू नका म्हणला असंन."

"हो आई."

"मंग तू काहून सांगतलं?"

मी विद्यार्थिनीकडे बोट केलं. म्हटलं, हिनं हेच माठ नेले असते तर?

"हिले अलग नेऊन सांगता आलं असतं," आई म्हणाली.

मुलीनं मान खाली घातली. आईला त्यातूनच कळलं की तिला अलग नेऊन सांगून झालेलं आहे.  खरं तेवढंच होतं, की मला ते ओझं पेलवेनासं झालं होतं, आणि मी ते माझ्याच नव्वदीतल्या आईच्या डोक्यावर ठेवलं.

"त्यानं मले तेवढंच ठेवलं होतं वं," ती म्हणाली.

मुलगी महिन्याभरात निघेल. तिचे माठ राळेचे आहेत, काळपट, कोरडेठाक. त्या दिवशी आमच्याकडून जाताना ती आईच्या पाया पडून गेली आणि आईनं तिला आशीर्वाद दिला, त्यात काही कमी केलं नाही. माझ्याशीही आई बोलते. चहा झाला का, दूध आलं का, पंखा बंद कर. परवा समोरच्या फ्लॅटमध्ये नव्यानं राहायला आलेली बाई भेटायला आली होती. दादाचा हार घातलेला फोटो पाहून तिनं विचारलं, हे कोण, काय झालं होतं यांना? मी सवयीनं उठून स्वयंपाकघराकडे निघाले होते.

"तिले विचारा," आई म्हणाली, आणि उठून आत गेली.