‘इतर’ या रकान्याचे शत्रू

ज्याला नाव नाही अशी एकही वस्तू पुण्याच्या कचऱ्यात सापडणार नाही, असं मानणारा माणूस अख्ख्या शहरात एकच होता, आणि माझ्या प्रोजेक्टवर सही नेमकी त्याचीच लागणार होती. ते कसबा पेठेतल्या महापालिकेच्या आरोग्य कोठीवरचे, सफाई कामगारांचे मुकादम. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पर्यावरण म्हणजे झाडं आणि पक्षी, अशा समजुतीने विषय घेतला आणि इस्त्रीचा ड्रेस घालून कचऱ्याची वर्गवारी करायला हजर झाले. मुकादमांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. “लग्न पुढच्या गल्लीत आहे,” म्हणाले.

ताडपत्रीवर ढीग पसरायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन बाजूला काढायचे, उरलेले निवडून, तोलून तक्त्यात लिहायचे, एवढंच काम. पण मुकादम पिशवी उघडताच घर ओळखत. “चहाचा चोथा पांढरा पडलाय. पेन्शनर.” दुसरीत पिझ्झाचा खोका आणि दोरासुद्धा न सोडलेली कोथिंबिरीची जुडी. “सून कॉम्प्युटरमध्ये लागली.” जेवतानाही डब्याच्या झाकणावर कढीपत्ता, मिरची आणि लवंग यांचे तीन वेगळे ढीग लावत.

मी मात्र अडलं की ‘इतर’मध्ये लिहायचे. माझा निम्मा तक्ता ‘इतर’ होता.

“करवंटी इतर? कंगवा इतर? अहो, आपण शिकायला आलात की पसारा लपवायला?”

सोमवारी सही नसली तर माझं वर्ष जाणार होतं. आठवडाभर पुन्हा ढीग उपसले. शेवटी ‘इतर’चा रकाना कोरा करून वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पेन उघडलं, विद्यार्थ्याच्या माहितीचं पहिलं पान काढलं आणि पेन बंद केलं. तिथे माझ्या अक्षरात होतं : वडिलांचा व्यवसाय – इतर.

“काय करतात वडील?”

“मार्केट यार्डात... हमाल आहेत.”

“करवंटीचं नाव लिहिलंत,” वही माझ्याकडे सरकवत ते म्हणाले. एवढंच.

मी ‘हमाल’ लिहिलं. काना जरा वाकडा आला. त्यांनी इतकी दाबून सही केली की ती खालच्या तीन पानांवर उमटली.

आता मी हिंजवडीत काचेच्या इमारतीत बसते. परवा पेढे घेऊन कोठीवर गेले, तर मुकादम कधीच निवृत्त झालेले. खुर्चीवरच्या नव्या माणसाने विचारलं, “आपण त्यांच्या कोण?”

नातेवाईक नाही, विद्यार्थिनी म्हणावं तर ते मास्तर नव्हते. मी पेढ्यांचा पुडा उघडून त्याच्यापुढे धरला. ‘इतर’ म्हणायची काही हिंमत झाली नाही.