गुढी उतरवली तेव्हा

बेंगळुरूच्या येलहंक्यात राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता. हेब्बाळच्या ऑफिसातून भिजत घरी आले, तर गच्चीवरच्या दोरीला एकही कपडा नाही. चोरी झाली असं धरून मी शेजारचं दार वाजवलं. पांढऱ्या आखूड केसांच्या एका उंच बाईंनी दार उघडलं. आत सोफ्यावर माझे सगळे कपडे नीट घड्या घालून ठेवलेले. "ढग आले होते, म्हणून आणले," त्या म्हणाल्या. "आमच्या गावात असंच करतात." गाव कुठलं म्हणून विचारलं, तर ते निघालं इंग्लंडमधलं.

या कमलक्का. घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूतलं, मराठीत निम्मं कन्नड. वडील, म्हणजे आप्पा, सरकारी कारखान्यात इंजिनियर. कारखान्यानं त्यांना दोन वर्षं विलायतेला धाडलं आणि ते बायकामुलांसह एका खेड्यात राहिले. एक चर्च, एक दुकान आणि मनात आलं तर येणारी एक बस, एवढंच ते खेडं. अक्कांचं उरलेलं सगळं आयुष्य बेंगळुरूत गेलं, पण 'आमचं गाव' म्हणजे तेच. वीज गेली की तिथल्या कोळशाच्या शेगडीची गोष्ट निघे. दूध नासलं की दारातल्या बाटल्यांची. त्यांची चकचकीत झाकणं फोडून पक्षी वरची साय खायचे म्हणे. पहिल्या महिन्यातच मला त्या गावाचा पत्ता सांगता आला असता.

दर रविवारी देवनहळ्ळीहून त्यांचे थोरले भाऊ, अण्णा, बसनं येत, ते मुख्यतः हे सगळं खोडून काढायला. अक्कांनी एक वाक्य टाकलं की अण्णा चहाचा कप खाली ठेवत. अक्का म्हणाल्या, दुकानाच्या पायरीवर पांढरा कुत्रा बसायचा. अण्णा म्हणाले, तो कुत्रा नव्हता, मेंढा होता.

"अय्यो, मेंढा दुकानात कशाला येईल?"

"ते त्यालाही ठाऊक नव्हतं."

मग दोघं कन्नडमध्ये भांडत. मी मध्ये पडले की दोघं मिळून मला गप्प बसवत.

खरं भांडण मात्र गुढीवरून होतं. त्या गावी त्यांच्या आईनं पाडव्याला गुढी उभारली होती. वेलाच्या आधाराची काठी, तिच्यावर स्वतःचं लग्नातलं रेशमी पातळ आणि स्टीलचा तांब्या. बत्तासे कुठले मिळायला, म्हणून भोकाच्या पेपरमिंटच्या गोळ्या ओवून गाठी केली. फाटकाला गुढी बांधून आई पुरण शिजवायला आत गेली. तेवढ्यात आभाळ भरून आलं. शेजारच्या हॉब्जबाईंनी पाहिलं, या बाईचं रेशमी कापड बाहेर भिजणार. त्या धावत आल्या, गुढी उतरवली, पातळाची घडी घातली, वर तांब्या ठेवला आणि सगळं स्वयंपाकघराच्या दारात आईच्या हातात दिलं. सणाच्या दिवशी, ऐन सकाळी.

इथपर्यंत बहीणभावाचं एकमत. पुढे अक्का सांगत, आई पोट धरून हसली आणि तिनं हॉब्जबाईंना पुरणपोळी खायला घातली. अण्णा सांगत, हॉब्जबाई गेल्यावर आई मोरीपाशी उभी राहून आप्पा येईपर्यंत रडत होती. दोघंही तेव्हा त्याच स्वयंपाकघरात होते.

या वादात अक्कांची थट्टा केलेली चालत नसे. एकदा मी हसले, तर त्या म्हणाल्या, "परत आल्यावर वर्षभरात आई गेली. मला आठवते ती तिथलीच. तिथं ती सुखी नव्हती असं म्हटलं, तर मग माझ्याकडे काय राहिलं?" मी त्यानंतर कधी हसले नाही. अण्णांना हे ठाऊक होतं का, कोण जाणे. ते आपले दर वेळी कप खाली ठेवत.

मग एका रविवारी अण्णा आले नाहीत. त्यांना हेब्बाळच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी अक्कांना रिक्षानं घेऊन गेले. अण्णा निम्मे झाले होते. अक्का खुर्चीत बसल्या आणि त्यांनी तब्येतीचं न विचारता थेट गुढीची गोष्ट काढली. त्यांना अण्णांना पेटवायचं होतं हे माझ्या लक्षात आलं. 'आई पोट धरून हसली' म्हणून त्या थांबल्या, अण्णांकडे बघत.

अण्णांनी त्यांचा हात धरला. "हसली होती, कमू. तुझंच बरोबर."

येताना रिक्षात अक्का एकदाही गावाविषयी बोलल्या नाहीत. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाल्या, "अण्णानं हो म्हटलं. आता काही खरं नाही." त्याच आठवड्यात अण्णा गेले.

पुढे माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या, तेव्हा अक्का चहाला आल्या. विलायतेचा विषय निघाला. अक्कांनी गुढीची गोष्ट रंगवून सांगितली. मग आई काय म्हणाल्या, असं सासूबाईंनी विचारलं.

"रडली," अक्का म्हणाल्या. "मोरीपाशी उभी राहून. आप्पा येईपर्यंत."

सासूबाई आत गेल्यावर मी हळूच म्हटलं, "अक्का, तुम्ही तर त्या हसल्या म्हणून सांगायच्या."

अक्कांनी कप खाली ठेवला नाही. "माझी बाजू मी केव्हाही सांगेन गं," त्या म्हणाल्या. "त्याची सांगायला आता कोण आहे?"