हिरवी साडी पुढे गेली

देवाच्या बाबतीत मी तशी संशयीच. कुणी नवस फिटल्याचं, दृष्टांत झाल्याचं सांगू लागलं की माझ्या मनात आधी ‘बरं, मग?’ एवढंच येतं. पण नाशकात जुन्या कपड्यांचं दुकान का काढलं, असं कुणी विचारलं की मला वणीच्या देवीपासूनच सुरुवात करावी लागते. कॉलेजच्या पोरी माझ्या मालाला व्हिंटेज म्हणतात. म्हणोत बापड्या. काय घडलं ते मी सांगते, अर्थ तुमचा तुम्ही लावा.

आई तेव्हा आमच्याकडे पंचवटीत राहायची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तिला फारसं काही आठवत नसे. एका सकाळी तिच्या मनाने घेतलं, आपल्याला वणीच्या गडावर जायचंय. देवीला जाण्याआधी ती नेहमी उपास धरायची, तसा धरला. “माझी हिरवी साडी काढ गं, ती नेसल्याशिवाय मी देवीपुढे जात नाही,” एवढं एकच बोलणं. आणि ती साडी मी दिवाळीच्या आवराआवरीत, जुनेरांच्या गाठोड्यात न बघता, स्टीलच्या डब्याच्या बदल्यात बोहारणीला देऊन बसले होते! दुसऱ्या हिरव्या साड्या दाखवल्या, नवी आणली. आई काठावरून बोटं फिरवायची आणि बाजूला सारायची. तिच्या साडीला पदराच्या काठाशी स्टोव्हच्या ठिणगीने भोक पडलं होतं आणि त्यावर तिने पिवळ्या दोऱ्याने कैरी भरली होती. बोटं ती कैरी शोधत होती. भात-पोळी बंद, नुसतं दूध-केळं. मग केळंही नको. उचलून गाडीत घालून न्यावी, तर अंगात बसायचंही त्राण नाही. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर अवघड आहे.

बोहारणीला गाठलं. ती म्हणाली, “ताई, माल कवाच पुढं गेला. आता कुठं घावायचा?” तरी मी जुन्या कपड्यांच्या बाजारात फेऱ्या मारू लागले, आणि तिथे माझं एक वेगळंच झालं. ढिगात हात घालावा साडीसाठी आणि हाताला लागावा एखादा परकर, ज्याची दुमड पोरीच्या उंचीबरोबर तीनदा सोडलेली. एका सदऱ्याला आतून चोरखिसा, तोही बायकी हाताने शिवलेला. कुणी शिवला असेल, कुणापासून लपवायला? वेळेचं भानच राहायचं नाही. नवरा म्हणायचा, “आईची साडी आणायला जातेस आणि लोकांच्या घरात डोकावून येतेस!” खरं होतं. पण साडी काही मिळाली नाही.

शेवटी शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, तिच्या नावाने तूच जाऊन ये. प्रसाद आण, उपास सुटेल.” बुडत्याला काडीचा आधार. गेले. मनात भक्ती थोडी, राग फार. पायऱ्या चढताना देवीला म्हणाले, एवढी एक साडी दे, बाकी तुझ्याकडे मी काही मागत नाही.

दर्शनाच्या रांगेत माझ्या पुढे एक बाई होती. तिचा पदर वाऱ्याने माझ्या हातावर आला. बघते तर पिवळी कैरी! त्या बाईशी काय बोलले, कसं बोलले, आठवत नाही. रडत होते एवढं खरं. ती सटाण्याकडची. मुलीचं लग्न जमलं म्हणून देवीला सांगायला आलेली. आठवडे बाजारात घेतलेली ही साडी तिची सगळ्यात चांगली साडी होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुन्ही माय जित्ती शे ना?” जिवंत आहे, अशी मी मान हलवली. “मंग रडस कसाले? दर्शन लेऊ आनि चाल. मी येस तुन्हा घर.” खाली तिचा नवरा चपला राखत बसला होता. त्याने थोडी कुरकुर केली, पण तोही आला.

मी मनात ठरवून टाकलं होतं. घरी पोचल्यावर तिला माझी नवी साडी द्यायची आणि आईची ठेवून घ्यायची. कपाटातून साडी काढून बाहेर आले तर ती आईच्या खाटेशी बसलेली आणि आईची बोटं कैरीवर. आई तिच्याकडे टक लावून बघत होती. मग एकदम करड्या आवाजात मला म्हणाली, “बघत काय उभी राहिलीस? ओटी भरायची आहे. तांदूळ आण, नारळ आण.”

वडील गेल्यापासून आईला कुणी ओटी भरू दिली नव्हती. विधवेने भरायची नसते ना! माझ्या लग्नातही ती भिंतीशी उभी होती आणि ते मलाही तेव्हा खटकलं नव्हतं. आता तर समोर लेकीचं लग्न जमलेली सवाष्ण. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्या बाईने मला नजरेनेच गप्प केलं. उठली, आईपुढे वाकली आणि दोन्ही हातांनी पदर पसरला. मी तांदूळ, नारळ, कुंकू आणलं, आईला उशीशी टेकवून बसवलं. आईने ओंजळीने तांदूळ घातले, नारळ घातला, कुंकू लावलं. आईला ती कोण वाटली, वाटेतली पाहुणी की देवी, मला ठाऊक नाही. बाईने गडावरचा पेढा आईच्या तोंडाशी नेला. आईने खाल्ला. मग म्हणाली, “भूक लागली गं. भात टाक.”

भरल्या ओटीचा पदर कुणी परत मागतं का? मी नवी साडी कपाटात ठेवून दिली. ती बाई आईची साडी नेसून, ओटी सांभाळत सटाण्याच्या गाडीत बसली.

आई पुढच्या उन्हाळ्यात शांतपणे गेली. तिच्या साड्या मी ना पेटीत कोंडल्या, ना नदीला दिल्या. धुतल्या, रफू केल्या आणि छोटा गाळा घेऊन टांगल्या. दुकान तिथून सुरू झालं. मी देवीकडे साडी मागितली होती, आपलं तेच घट्ट धरायला. तिने ती नेसणारी पाठवली. आता माझ्याकडची साडी घेऊन कुणी दुकानाची पायरी उतरलं की माझे हात आपोआप जुळतात. पोरींना वाटतं, काकू गिऱ्हाइकाला नमस्कार करतात. वाटू दे.