दादाच्या जीपचा नाचरा काटा

रविवार, सकाळी साडेआठ. ठिकाण : कोराडी, दादाच्या घरामागचं पत्र्याचं शेड. हजर : सुमनवहिनी, मेकॅनिक हबीबभाई आणि मी. गैरहजर : दादा. विषय एकच : जीपच्या स्पीडोमीटरचा काटा.

एवढं डायरीत लिहिलं आणि पेन थांबलं. शाळेच्या कार्यालयात माझी पंचवीस वर्षं गेली. बैठकांना कोण हजर, कोण गैरहजर हे लिहिणं माझ्या अंगवळणी पडलेलं. पण पुढच्या कुठल्याच बैठकीला येणार नाही अशा माणसाचं नाव त्या शब्दापुढे कधी लिहावं लागलं नव्हतं.

सहा आठवड्यांपूर्वी वहिनींचा फोन आला तेव्हा मी धरमपेठेतल्या घरी ओट्यापाशी उभी राहून बाजाराची यादी करत होते. "रजू, तुझे दादा उठून नाही राहिले वं," एवढंच त्या म्हणाल्या. तो कागद अजून माझ्याकडे आहे. मेथी, लिंबं, कपड्यांचा साबण आणि त्याखाली माझ्याच अक्षरात 'दादा'. झोपेतच हृदय थांबलं होतं. मी पोचले आणि लगेच दुसरी यादी सुरू केली : कोणाकोणाला कळवायचं, भंतेजींना आणायला कोण जाणार, मांडव, खुर्च्या, पाणी. पुण्यानुमोदनाच्या विधीपर्यंत एकूण एक कामापुढे खूण झाली. रजनी फार धीराची, असं लोक म्हणाले. धीर कसला... काम संपलं की बसावं लागणार होतं, म्हणून मी एकातून दुसरं काम काढत होते.

माझा हा मोठा भाऊ, मधुकर, कोराडीच्या वीज केंद्रात मोजमापाच्या यंत्रांवर होता. वाफेचा दाब, तेलाचं तापमान, पाण्याची पातळी... जिथं जिथं काटा असे तिथं तो सरळ ठेवणं हे त्याचं काम. निवृत्तीनंतरही कोणाच्या घरी बंद घड्याळ दिसलं की त्याचा हात शिवशिवायचा. आणि याच माणसाच्या जीपमधला काटा मात्र बारा वर्षं नाचत होता. गाडी तीसनं चालली असली तर तो वीसवरून पन्नासवर उडी मारायचा, थरथरायचा, पुन्हा खाली. मी चिडायचे. तो म्हणायचा, "प्लांटात काटा हलला की माझा जीव हलते. इथं तरी हलू दे नं त्याले."

जीप जुनी, फौजेच्या लिलावातून फिरत फिरत त्याच्याकडे आलेली. वर ताडपत्री, बाजू उघड्या, मीटर डॅशबोर्डच्या अगदी मधोमध. दर दसऱ्याला ती दीक्षाभूमीच्या वाटेवर उभी राहायची. लांबून चालत येणाऱ्यांसाठी पाण्याचे कॅन, पुरी-भाजीची पाकिटं, पायांना लावायचं मलम असं आम्ही घरातले मिळून न्यायचो. गाडी दादा चालवायचा, त्याच्या डावीकडे मी यादी घेऊन. कुठं किती उतरवलं, कुठं काय कमी पडलं, सगळं कागदावर. एका वर्षी ती यादी वाऱ्यानं उडाली आणि भर गर्दीत मी तिच्यामागे धावले. परत येऊन बसले तर दादा स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत होता. "काहून पळाली वं? तुले तं सगळी पाठ हाये." पाठ होती, हे खरं. पण कागद हातात नसला की मला काही केल्यासारखं वाटत नाही.

पुढच्या रविवारी त्यानं माझ्या तुटलेल्या पॅडची, कागद धरायची पत्र्याची चाप मीटरशेजारी बसवून दिली. बसल्या जागेवरून, न वाकता, माझा हात बरोबर पोचेल इतक्या उंचीवर. मी बुटकी आहे. त्यानं मला सीटवर बसवून, हात पुढे करायला लावून, मग भोक पाडलं होतं.

काट्याचं काम मी दर वर्षी यादीत लिहायचे आणि दर वर्षी ते पुढच्या यादीत जायचं. एकदा मी हट्टालाच पेटले तेव्हा तो डॅशबोर्डखाली आडवा झाला. पाच मिनिटं आत काहीतरी चाचपलं, मग बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "जागा नाही वं."

"जागा नाही म्हणजे?"

"म्हणजे राहू दे."

मला तो निव्वळ आळस वाटला. मग दोन वर्षांपूर्वी मी स्वतःच कंबर कसली. चाकांची गती मीटरपर्यंत आणणारी एक लांब तार असते, ती कोरडी पडली की काटा नाचतो, अशी माहिती मी मिळवली होती. रॉकेल, फडकं, ग्रीस, सगळं घेऊन गेले. दादानं तार काढून दिली आणि बजावलं, "वरचं वीतभर कोरडं ठेव. ग्रीस मीटरात गेलं नाही पायजे." पण अर्धवट सोडलेलं काम मला बघवत नाही. तो चहा आणायला आत गेला तेवढ्यात मी ते वीतभरही व्यवस्थित माखून टाकलं. आठवडाभरात ग्रीस मीटरमध्ये चढलं आणि काटा चाळिसावर चिकटून बसला. दादा एका शब्दानं बोलला नाही. लागोपाठ दोन रविवार बसून, कान साफ करायच्या काड्यांनी त्यानं मीटर पुसून काढलं. फक्त वहिनींना हाक मारून दाखवलं, "पहा सुमन, तुझी नणंद उभ्या गाडीले चाळीसनं पळवून राहिली." मीटर साफ झालं आणि काटा पुन्हा पहिल्यासारखा नाचायला लागला. पावसाळ्याआधी शेवटची भेटले तेव्हाही मी त्याला तेच ऐकवलं, "दादा, आयुष्यभर लोकांचे काटे सरळ केलेस. तुझं स्वतःचं एवढंसं काम होत नाही तुझ्यानं." त्यावर तो हसला आणि पन्हं पीत राहिला. हे माझं त्याच्याशी झालेलं शेवटचं बोलणं...

आता दसरा तीन आठवड्यांवर आलाय. जीप जाणारच, असं वहिनींनी ठरवलं. चालवणार मी, मला शिकवलंही दादानंच. तो इंजिनच्या आवाजावरून वेग ओळखायचा. मला ते जमत नाही. मला काटा सरळ लागतो. म्हणून त्या रविवारी हबीबभाईंना बोलावलं.

ते टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली शिरले आणि तार चाचपत गेले. मग आवाज आला, "ताई, केबल तो एकदम बढिया है. ये वरची चाप दिसते नं, उसका बोल्ट पीछे से केबल को दबा रहा है. इधर मोड आला तो काटा नाचेंगाच." मग टॉर्च आणखी आत धरून ते म्हणाले, "पर भाई को मालूम था. सायकलच्या ट्यूबचं रबर कापून लपेटलंय इथं. दो-तीन बार बदली भी किया है. जितना हो सकता था, किया उन्होंने."

मी वाकून पाहिलं. बोटभर रुंदीच्या काळ्या पट्ट्या, एकावर एक, नीट दोऱ्यानं बांधलेल्या. दादाच्या गाठी मी कुठंही ओळखेन. जागा नव्हती ती खरंच नव्हती. काटा सरळ करायचा तर माझी चाप काढावी लागली असती. त्यानं चाप ठेवली आणि बारा वर्षं माझी बोलणी खाल्ली.

"चाप काढतो, दूसरी जगह लगा देतो," हबीबभाईंनी पाना उचलला. "पाच मिनिट का काम."

वहिनी इतका वेळ दारात उभ्या होत्या. त्या येऊन डावीकडच्या सीटवर बसल्या, माझ्या जागेवर, आणि हात पुढे केला. त्यांचाही हात बरोबर चापेपर्यंत पोचला. "यंदा यादी मी वाचीन वं," त्या म्हणाल्या. "चाप काढली तं कुठं लावू?"

मी स्टिअरिंगला धरून उभी होते. सहा आठवड्यांत पहिल्यांदा मला पुढचं काम सुचलं नाही. हबीबभाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पाना हळूच पेटीत ठेवला. "फोन करा, ताई," म्हणाले.

घरी येऊन जुन्या डायऱ्या काढल्या. बारा वर्षांपूर्वीच्या दसऱ्यानंतरचं पान सापडलं : 'दादानं चाप बसवली. उत्तम सोय.' आणि उलट पानावर, पुढच्याच रविवारी : 'काटा नाचतोय. दादाला सांगणे.' मध्ये एक कागद, एवढंच अंतर. दोन्ही नोंदी माझ्याच हातच्या आणि दोन्ही एकत्र मी कधी वाचल्या नाहीत.

यंदाची यादी तयार आहे. काल कोराडीला जाऊन चापेत लावूनही आले. कॅन सांगितले, पुऱ्यांचं पीठ दळून झालं, मलम आणलं, टायरमध्ये हवा भरली. एवढ्यांपुढे खुणा झाल्यात. तळाशी, सालाबादप्रमाणे, काटा. हबीबभाईंना फोन मी अजून केलेला नाही.